मागून येणारा

बस आली, थांबली, दार उघडलं, दार मिटलं आणि बस निघून गेली. आणि ती बाकावर होती तिथेच बसून राहिली. तो रस्त्याच्या पलीकडे, औषधांच्या दुकानाच्या पाटीजवळ उभा होता. मुद्दाम आडोशाला उभा नव्हता, निदान तोवर तरी नव्हता. शेजारच्या इमारतीतली लिफ्ट तपासून नुकताच बाहेर पडला होता, हातांना ग्रीसचा वास येत होता, आणि समोर अचानक आपली बायको दिसल्यावर माणूस जसा हात वर करतो तसा त्याने अर्धा हात वर केलाही होता. ती त्यांचीच बस होती, घराच्या कोपऱ्यावर सोडणारी. थोड्या वेळाने दुसरी आली, तीही त्यांचीच. ड्रायव्हरने तिच्याकडे बघितलं आणि तिने नको म्हणून मान हलवली, अगदी जराशी, दारावर आलेल्या विक्रेत्याला हलवावी तशी. तेव्हा त्याचा पुन्हा वर निघालेला हात खाली आला आणि तो पाटीच्या आड सरकला. तिसरीही तिने सोडली. मांडीवर पोहण्याच्या कपड्यांची पिशवी, केस ओले, पाय बाकाखाली दुमडलेले. चेहऱ्यावर काहीच नव्हतं, आणि तेच त्याला झोंबलं. रडत असती तर तो रस्ता ओलांडून गेला असता. रडणाऱ्या बाईशी काय बोलायचं हे कुठल्याही नवऱ्याला थोडंफार ठाऊक असतं. घरी यायचं नाही म्हणून स्वस्थ बसलेल्या बाईशी काय बोलायचं, ते कोणाच्या बापाला ठाऊक असणार?

ती घरी आली तेव्हा तो खुर्चीत बसून पायाची नखं कापत होता. "उशीर झाला?" त्याने विचारलं. "बसच नव्हती मेली एक," ती म्हणाली. "हो का," तो म्हणाला, आणि उठून त्याने चहा टाकला. तिने चहा चांगला झालाय असंही म्हटलं. त्या संध्याकाळपासून त्याच्या डोक्यात जे सुरू झालं त्याला संशय म्हणता आलं नसतं. दुसरा कोणी पुरुष वगैरे असता तर त्याला जरा सोपं गेलं असतं. निदान कोणावर तरी तुटून पडता आलं असतं. पण बाकावर तिच्या शेजारी कोणी नव्हतं. ती त्याच्यावाचून बसली होती आणि तिचं बरं चाललं होतं, एवढाच काय तो गुन्हा, आणि त्याची तक्रार कुठे नोंदवायची?

तो लिफ्ट तपासनीस होता, आणि या धंद्यात माणसांच्या बोलण्यावर विश्वास ठेवायचा नसतो. इमारतीचा व्यवस्थापक नेहमी म्हणतो, "काही त्रास नाही हो, लोण्यासारखी चालते." हो हो म्हणायचं आणि लिफ्टमध्ये लोखंडी वजनं भरायची, पेलते म्हणून लिहिलंय त्याहून जास्त. मग ती खाली सोडायची आणि बघायचं. दोर तुटला असं समजून खालचे जबडे रुळांना चावले पाहिजेत, जागच्या जागी. चावले तर सही करायची, नाही चावले तर कुलूप. आतल्या लोखंडाला आज आपली परीक्षा आहे हे ठाऊक नसतं, म्हणूनच त्याचं उत्तर खरं असतं. ज्या साहेबांनी त्याला हे काम शिकवलं ते एवढंच बजावायचे की दर चाचणीला रुळावर एक ओरखडा उठतो बाबा, उगाच हौस म्हणून करू नकोस. साहेब निवृत्त होऊन गेले आणि त्याने हौस म्हणून नाही, गरज म्हणून घरात वजनं भरायला घेतली. न सांगता उशिरा यायचं आणि तिने फोन केला का ते बघायचं. फोन घरी विसरून जायचा. एकदा तर ताप आल्याचं सोंग घेऊन पडला. तिने कपाळाला हात लावला, "नाहीये," म्हणाली आणि भाजी चिरायला गेली. ही उत्तीर्ण की नापास? रात्री तो आढ्याकडे बघत याचाच हिशोब करी, आणि शेजारी ती ढाराढूर झोपलेली असे, तिच्या केसांना पोहण्याच्या तलावातल्या औषधाचा वास येत असे. एके काळी याच वासासाठी तो नाक खुपसून झोपत असे. आता त्याला वाटे, ही सगळीकडे तलावच घेऊन फिरते.

डोंगरातली ही पायपीट लेकीच्या डोक्यातून निघाली होती. लेक दुसऱ्या शहरात शिकत होती आणि आईबापांना फोनवर शिकवत होती. "बाबा, तुम्ही दोघं बोलता तरी का एकमेकांशी? की नुसतं 'किल्ली घेतलीस का' एवढंच?" तिने सगळं परस्पर ठरवून टाकलं: डोंगरातले जुने मठ, एका मठापासून दुसऱ्यापर्यंत दिवसभराची चाल, मध्ये कोणी कधी कुऱ्हाड न लावलेलं जंगल. बायको म्हणाली, जाऊ या की. ती इतक्या चटकन हो म्हणाली की त्याला त्यातही खोट दिसली. आणि आता तो तिच्या मागून चालत होता, पहिल्या दिवसापासून मागूनच, कारण वाट एका माणसापुरती होती आणि तिची चाल त्याच्यापेक्षा बरी होती. पोरांना पोहायला शिकवून शिकवून तिचे पाय कमावलेले होते. त्याचे पाय लिफ्टने वर जाणाऱ्या माणसाचे होते. ती कधी धापा टाकायची नाही. वळणावर थांबून त्याच्यासाठी दोन घोट पाणी राखायची, तो पोचला की बाटली हातात द्यायची आणि तो पिऊन व्हायच्या आत चालू लागायची. म्हणजे तिची विश्रांती व्हायची, त्याची नाही. त्याला तिच्या पाठीचा राग यायला लागला होता. बॅगेचा पट्टा, मानेवरचा घाम, त्या घामाला चिकटलेला एकच केस. इतकी वर्षं संसार करून माणसाला बायकोच्या पाठीचा राग यावा, हे त्याला स्वतःलाही वाईट वाटलं, पण राग काही गेला नाही.

"गप्प का रे?" तिने मागे न बघता विचारलं.

"दम लागलाय."

"काल मठातही गप्पच होतास. तिथे काय चढ होता?"

"तू बोलत होतीस ना सगळ्यांशी. दोघांनी कशाला बोलायचं?"

"चांगलंय," ती म्हणाली, आणि तिची चाल वाढली.

हे जंगल माणसाला बघून खूश होणारं नव्हतं. चौघांनी हात धरले तरी कवेत न येणारे बुंधे, त्यांवर हातभर जाडीचं शेवाळ, आणि वर इतकी दाट छपरं की खाली भरदुपारी दिवेलागणीचा उजेड. पाऊल टाकलं की कुजक्या पानांत घोट्यापर्यंत जायचं आणि काढलं की खालून थंड, आंबट वास यायचा. पक्षी दिसत नव्हते, नुसते कुठेतरी वर ओरडत होते, आणि तो ओरडा गाण्याचा नव्हता, हाकलण्याचा होता. वाटेवरच्या दगडांवर मठवाल्यांनी पिवळ्या रंगाचे पट्टे ओढलेले होते. तेवढंच काय ते माणसाचं. बाकी सगळं या झाडांचं होतं आणि ती तुमच्या आजोबांच्या आजोबांनाही ओळखत नव्हती. बायकोला हे सगळं आवडत होतं. ती जाता जाता खोडांवर तळहात ठेवायची, जाणाऱ्या येणाऱ्याच्या पोराच्या डोक्यावर ठेवावा तसा. त्याला आठवलं, लग्नानंतरच्या पहिल्या वर्षी एका जत्रेसारख्या गर्दीत त्यांची चुकामूक झाली होती. तो एका खांबाजवळ उभा होता आणि ती त्याला शोधत, लोकांना ढकलत, वेड्यासारखी त्याच्या समोरून गेली. त्याने लगेच हाक मारली नव्हती. दोन क्षण बघत राहिला होता. आपल्यासाठी कोणाचा तरी चेहरा इतका वेडावाकडा होऊ शकतो, हे त्याने आयुष्यात पहिल्यांदा बघितलं होतं, आणि ते इतकं गोड होतं की त्याला ते संपवावंसं वाटेना. मग त्याने हाक मारली आणि तिने त्याच्या दंडावर सणसणीत चापट मारली. तो वेडावाकडा चेहरा त्याने जन्मभर जपून ठेवला होता. बसथांब्यावरच्या चेहऱ्याशेजारी तो ठेवून बघायचा.

बुटाची नाडी सुटली म्हणून तो वाकला. मुद्दाम नाही, नाडी खरंच सुटली होती. मान वर केली तर ती वळणापलीकडे गेलेली. आणि त्याच वेळी, नाडीची गाठ मारता मारता, त्याला ते सुचलं. सुचलं म्हणण्यापेक्षा हाताला सवय होती. वाटेपासून दहा पावलांवर एक बुंधा होता, आत पोकळ, माणूस सहज मावेल असा. तो उठला, पानं न वाजवता गेला आणि त्याच्या आड उभा राहिला. त्याला लाज वाटत होती, पन्नाशी उलटलेला माणूस, कागदोपत्री सहीचा अधिकार असलेला, आणि पोरासारखा झाडामागे. पण बघायचं होतं. ती थांबेल का? मागे येईल का? चेहरा कसा होईल? एकदा ते दिसलं की प्रश्न मिटला, मग तो आयुष्यभर विचारणार नव्हता. त्याने मनाशी शपथच घेतली.

ती मागे आली. वळणावर दिसली, कमरेवर हात ठेवून. "अरे, आलास का?" तिने हाक मारली. मग थोडं थांबून पुन्हा, जरा वरच्या पट्टीत, "अरे ए!" आता, आता येईल, त्याने श्वास धरला. पण ती आली नाही. तिने वाटेकडे बघितलं, झाडांकडे बघितलं, एक एक करून, सावकाश, आणि मग वाटेत आडव्या पडलेल्या खोडावर बसली. बॅग उतरवली. सफरचंद काढलं, बाहीला पुसलं आणि खाऊ लागली. करकर आवाज त्याच्यापर्यंत येत होता. खाऊन झाल्यावर तिने तोंड वर केलं आणि डोळे मिटून बसली. चेहरा वेडावाकडा झाला नाही. उलट सैल झाला, कपाळावरची आठी गेली, आणि ती बाई त्याला एकदम तरुण, अनोळखी आणि सुंदर दिसली. कडेलोट झाला असेल माझा कुठे, पाय मोडून पडलो असेन, आणि ही सफरचंद खातेय! त्याला पुढे होऊन तिला गदागदा हलवावंसं वाटलं. पण पुढे होणं म्हणजे आपण कुठे होतो ते सांगणं. म्हणून तो तसाच उभा राहिला, मानेवर वरून पाणी ठिबकत असताना, आणि त्या बाईचा मनापासून द्वेष केला. बऱ्याच वेळाने ती उठली, बूड झटकलं, बॅग पाठीला लावली आणि पुढे निघून गेली. मागे एकदाही बघितलं नाही.

जबडे चावले नाहीत. झालं. सही करायचं कारण नाही. तो बुंध्याआडून बाहेर आला तेव्हा पाय बधिर झाले होते, आणि राग डोक्यात इतका होता की तो वाटेवर न येता सरळ उताराने निघाला, तिच्या मागोमाग जायचं नाही म्हणून. पिवळे पट्टे सुटले. मग धुकं खाली उतरलं आणि झाडं एकाच्या जागी दुसरं अशी उभी राहू लागली. तो शेवाळावरून घसरला, गुडघा फुटला, हात काट्यांत गेला. एका ओहोळापाशी तो दोनदा आला, किंवा ते दोन ओहोळ असतील. त्याने हाक मारली नाही. न जाणो तिला ऐकू जाईल, म्हणून मारली नाही, आणि नंतर मारली तेव्हा ती ऐकायला कोणी नव्हतं. "अगं!" तो ओरडला, आणि जंगलाने ते शेवाळात जिरवून टाकलं. भीती वाटली, चांगलीच वाटली. भीतीतही त्याच्या मनात आलं की आता मेलोच तर हिला कळेल. असल्या विचाराची त्याला किळस आली, तरी तो त्याला धरूनच चालत राहिला, आणि अंधार पडता पडता शेवटी दगडावर एक पिवळा पट्टा दिसला तेव्हा तो त्या दगडाशेजारी मटकन बसला आणि रडला.

मठाचं दार उघडं होतं आणि दारावर कंदील टांगलेला होता. दाराशी घोंगडी पांघरून एक म्हातारा संन्यासी बसला होता. तो याला बघून उठला आणि काही न विचारता दार ओढायला लागला. दार जड होतं, बिजागऱ्या करकरल्या.

"केव्हाचा बसलोय," म्हातारा म्हणाला. "सगळी थंडी आत गेली."

"माझ्यासाठी?"

"मग काय माझ्या हौसेसाठी? शेवटी येणाऱ्याला आम्ही विचारतो, मागे कोणी आहे का. नाही म्हटलं की दार लावायचं, जेवण वाढायचं. आहे म्हटलं की दार उघडं, आणि तो येईपर्यंत कोणी जेवायचं नाही. जुनी रीत आहे. बाई म्हणाल्या, आहे." त्याने अडसर घातला. "चला आता, आत लोक तुम्हाला खायला बसलेत."

पण हे शेवटचं त्याच्या कानात शिरलंच नाही. बाई म्हणाल्या, आहे. त्याला एकदम गुडघा दुखेनासा झाला. आहे म्हणाली! सगळ्यांना उपाशी बसवलं माझ्यासाठी! म्हणजे जबडे चावले होते, उशिरा का होईना चावले होते. तो लंगडत भोजनशाळेत शिरला तो जवळजवळ हसतच. लांबलचक बाकांवर वाटसरू बसले होते, थंडीने काखेत हात घालून, समोर पालथे वाडगे. सगळ्यांनी त्याच्याकडे बघितलं, त्याच्या फाटलेल्या विजारीकडे, त्याच्या हसण्याकडे, आणि एकेकाने वाडगा सरळ केला. ती टोकाला बसली होती. त्याच्यासाठी जागा ठेवलेली होती. तो बसला आणि आता आपण उदार व्हायचं, असं त्याने ठरवलं. सगळं माफ. सफरचंदसुद्धा.

"चुकलो वाट," तो म्हणाला. "नाडी बांधायला थांबलो नि..."

"तुझी निळी बाही दिसत होती," ती म्हणाली.

गरम सूपचं भांडं आलं. तिने त्याच्या वाडग्यात वाढलं, मग आपल्या. त्याच्या कानांच्या पाळ्या तापल्या.

"बुंध्याबाहेर. कोपरापर्यंत," ती म्हणाली. आवाज चढलेला नव्हता, शेजारच्याला ऐकू जाऊ नये इतकाच होता. "म्हटलं, येतोय का बघू. बसले. खाल्लं. म्हटलं, खाऊन होईपर्यंत तरी येईल. त्या दिवशी बसथांब्यावरही असंच. पहिल्या दोन बस मी माझ्यासाठी सोडल्या, खोटं नाही सांगत, घरी यावंसं वाटत नव्हतं. घरी आलं की मला सारखं कोणीतरी बघतंय असं वाटतं. मग पाटीच्या आड तू दिसलास. तिसरी तुझ्यासाठी सोडली. म्हटलं, रस्ता ओलांडून येईल आणि विचारेल, काय गं, काय झालं. तेवढंच हवं होतं."

"मग तू का नाही हाक मारलीस?"

"जंगलात मारली ना. दोनदा मारली."

तो सूप ढवळत राहिला. वाफेतून त्याला तिचे हात दिसत होते, पाण्याने कायमचे सुरकुतलेले, आणि ते हात धरावेत असं त्याला इतकं प्रचंड वाटलं की त्याने चमचा घट्ट धरला. "मी पोरांना पोहायला शिकवते तेव्हा हात सोडायच्या आधी सांगते," ती म्हणाली. "आता सोडतेय हं, असं. न सांगता सोडला तर पोर पोहतं, नाही असं नाही, पण पुन्हा माझ्याकडे येत नाही. तू मला वर्षभर न सांगता सोडून बघतोयस. तो ताप, तो फोन. मला कळत नाही असं वाटलं का तुला?" तिने पाव मोडला, अर्धा त्याच्यासमोर ठेवला. "तुला काय विचारायचंय ना, ते आज विचार. सरळ. तोंडाने. मी खरं उत्तर देईन, मग ते हो असो नाहीतर नाही असो. पण विचार."

सगळी भोजनशाळा जेवत होती, चमच्यांचे आवाज होत होते. विचारायचं एवढंच होतं: माझ्याबरोबर राहायचंय का तुला? लहान पोरालाही विचारता आलं असतं. तिने पाव खाली ठेवला होता आणि ती वाट बघत होती. तिच्या चेहऱ्यावर आता काहीतरी होतं, कपाळाशी, ओठांशी, सगळं जागचं हललेलं, आणि ते ओळखायला त्याला वेळ लागला नसता, त्याने नीट बघितलं असतं तर. पण त्याचं डोकं दारापाशीच होतं. तिथला एक आकडा त्याला हवा होता, फक्त एक, की मग सगळं पक्कं झालं असतं.

"त्याने दारात विचारलं ना तुला, मागे कोणी आहे का," तो म्हणाला, "तेव्हा आहे म्हणायला तुला किती वेळ लागला?"

ती हसली. दुष्ट हसू नव्हतं ते, दमलेलं होतं. "नाही लागला," ती म्हणाली. "आता लागेल." तिने सूप संपवलं, शेवटच्या घोटापर्यंत, वाडगा उचलला, पलीकडच्या पाण्यात विसळला, आणि बायकांच्या झोपायच्या खोलीकडे निघून गेली. त्याने समोरचा पाव खाल्ला, कारण भूक लागलीच होती.

सकाळी धुकं नव्हतं. मठाच्या मागून एक वाट खाली गावाकडे जात होती आणि एक वर, खिंडीकडे, पुढच्या मठाला. रात्री गुडघा सुजून त्याचा भोपळा झाला होता. वर जायचा प्रश्नच नव्हता. ती बॅग लावून तयार उभी होती. तिने त्याच्या गुडघ्याला पट्टी बांधून दिली, नीट, घट्ट, आणि गावातून गाडी मिळते असं सांगितलं. आपण पुढे जाणार, खिंडीपलीकडे, आणि मग लेकीकडे. घराचं नंतर बघू, असंही म्हणाली, पण ते नंतर म्हणताना तिने त्याच्याकडे बघितलं नाही. "सावकाश उतर," ती म्हणाली आणि निघाली. तो अंगणात उभा राहिला. चढ उघडा होता, झाडं वरच्या अंगाला सुरू होत होती, तोवर ती दिसत राहणार होती. वळून बघेल का, असं त्याच्या मनात आलं, आणि मनात येताच त्याला स्वतःची इतकी शरम वाटली की सगळं अंग गरम झालं. बघत उभं राहायचं नाही. हाक मारायची. तो सुजल्या गुडघ्याने चार पावलं पुढे गेला, छातीत हवा भरली आणि ओरडला, "अगं ए!"

आवाज स्वच्छ गेला. ती थांबली. वळली. डोळ्यांवर हाताचा आडोसा धरून खाली बघू लागली, आणि उभी राहिली. घाई नव्हती तिला. तिचं वजन दोन्ही पायांवर होतं, परत फिरायचं म्हटलं असतं तरी चाललं असतं. माझ्याबरोबर चल. जाऊ नकोस. मी चुकलो. दोन-दोनच शब्द होते, कुठलेही चालले असते. त्याने तोंड उघडलं, आणि पंचवीस वर्षं रोज दाराशी जे बाहेर पडत आलं होतं तसलंच काहीतरी बाहेर पडलं.

"पाणी भरून घेतलंस का?"

तिने बाटली वर करून दाखवली, आणि वळून चालू लागली.